शाळेतला 'सपोर्ट' खरंच चालतो का, हे पालकांनी तपासायचं कसं?

गवतीचहा | रविवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

मुलगा मुलुंडच्या एका सेमी-इंग्रजी शाळेत पाचवीत आहे. डिस्लेक्सिया (वाचन-लेखनाची अडचण) आहे, तिसरीत निदान झालं. शाळेत 'अध्ययन सहाय्य कक्ष' आहे, एक स्पेशल एज्युकेटर बाई आहेत आणि गेटजवळच्या फलकावर 'सर्वसमावेशक शाळा' असंही रंगवलेलं आहे. यंदा मी पालक-शिक्षक संघात आहे. मागच्या बैठकीत मुख्याध्यापिका म्हणाल्या, "कक्षाला पाच वर्षं झाली. पालकांनीच एकदा बघून सांगा कसं चाललंय ते." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं.

सोबत एक छापील तक्ता मिळाला. रॅम्प आहे का, कठडा आहे का, विशेष शिक्षक नेमले आहेत का, शिक्षकांचं प्रशिक्षण झालं का, नोंदवही ठेवली जाते का. एकूण ३१ प्रश्न, उत्तर हो किंवा नाही. घरी बसून भरला तर २७ 'हो' आले. म्हणजे शाळा पहिल्या श्रेणीत पास! त्याच संध्याकाळी लेक दप्तर टाकत म्हणाला, "उद्या पीटी आहे ना, म्हणजे मला परत त्या खोलीत जायचंय."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. वेळापत्रक काढून बसले. आठवड्याला ४५ तासिका, त्यातल्या पाच तासिकांना हा कक्षात. दोन पीटीच्या, एक चित्रकलेची, एक संगीताची आणि एक मराठीची. ज्या चार तासिकांना माझा मुलगा वर्गात कुणाहून कमी नसतो, नेमक्या त्याच चार काढून घेतल्यात. बाईंना दोष देत नाही. 'मुख्य विषय बुडवू नका' असं पालकांनीच लिहून दिलं होतं. त्या कागदावर माझीही सही आहे.

तर हे २७ 'हो' बाजूला ठेवून मी नेमकं काय बघू? कुणाला विचारू? शाळेशी वाकडं घ्यायचं नाहीये. पण खोटा अहवालही द्यायचा नाहीये.

---

सातची_लोकल | रविवार, रात्री १०:३१

आमच्या शाळेतही रॅम्प आहे. त्यावर पीटीच्या सरांची स्कूटर असते. तक्त्यात 'हो'च येईल.

---

कोरीपाटी | रविवार, रात्री ११:२०

गवतीचहा, तुमचा तक्ता न बघता मला पाठ आहे. चौदा वर्षं स्पेशल एज्युकेटर आहे, आधी अंधेरीला, आता बोरिवलीला. हे तक्ते आम्हीच भरतो, खाली सहीही आमचीच असते.

तुम्ही फक्त एक कागद मागा. मुलाचा वैयक्तिक आराखडा, ज्याला सगळे आयईपी म्हणतात तो. त्यात उद्दिष्ट काय लिहिलंय ते वाचा. 'वाचन सुधारणे', 'आत्मविश्वास वाढवणे' असं असेल तर तो आराखडा मुलासाठी झालेला नाही, फायलीसाठी झालाय. आराखडा असा हवा: 'दुसरीच्या पातळीचा अनोळखी उतारा, साधारण साठ शब्दांचा, जोडाक्षरं नसलेला, दिवाळीच्या सुट्टीआधी पाचपेक्षा कमी चुका करत वाचेल.' मग दिवाळीआधी तोच नाही पण तसाच उतारा समोर ठेवायचा, मिनिटाला किती शब्द बरोबर आले ते मोजायचं आणि चुका कसल्या त्या टिपायच्या. दहा मिनिटांचं काम आहे. जूनचा आकडा आणि ऑक्टोबरचा आकडा शेजारी शेजारी ठेवले की कक्ष चालतो की नाही ते कळतं, तक्त्याची गरजच पडत नाही.

चुका कसल्या, हे महत्त्वाचं आहे हां. आपल्याकडे इंग्रजीतलं बी-डी उलटं लिहिणं सगळ्यांना माहीत असतं. मराठीत मूल कुठे अडतं ते कुणी बघत नाही. घ-ध, भ-म, थ-य, प-ष यांत गोंधळ. पहिली वेलांटी लिहायची आधी, उच्चारायची नंतर. 'सूर्य' मधला रफार उलटा, बोलताना 'य'च्या आधी आणि कागदावर 'य'च्या डोक्यावर. एखादं मूल दोन महिने फक्त रफारावर अडलेलं असतं आणि आम्ही त्याला पुन्हा 'कमळ, बदक' वाचायला लावतो. मराठीत तपासणीची साधनं नाहीत अशी सबब आता चालत नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने बनवलेली 'डाली' ही चाचणी हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. वर्गशिक्षकांना प्राथमिक चाळणीसाठी एनसीईआरटीचं 'प्रशस्त' ॲप २०२२ पासून आहे. त्यावरून निदान होत नाही, पण कुठल्या मुलाकडे नीट बघायला हवं ते कळतं.

आणि बाहेर काढून शिकवण्याबद्दल म्हणाल, तर पीटीच्या तासाला मूल माझ्याकडे येतं तेव्हा त्याचे कान मैदानाकडे असतात. त्या पस्तीस मिनिटांतली वीस फुकट जातात. हे मी स्टाफरूममध्ये बोलू शकत नाही, म्हणून इथे लिहितेय.

---

गवतीचहा | सोमवार, दुपारी ३:४८

कोरीपाटी, आज आयईपी मागून घेतला. दीड पान. उद्दिष्ट १: 'वाचन सुधारणे.' उद्दिष्ट २: 'लेखन सुधारणे.' उद्दिष्ट ३ मध्ये लिहिलंय, 'तिला गटकार्यात सहभागी करून घेणे.'

मला मुलगी नाहीये.

---

पन्नासपैसे | सोमवार, दुपारी ४:२२

वाईट वाटून घेऊ नका, पण दुसरी बाजू कुणीतरी मांडायला हवी. माझी मुलगी सातवीत. वर्गात ४८ मुलं. त्यात तीन 'सपोर्ट'वाली. बाईंचा निम्मा वेळ त्या तिघांत जातो. बाकी ४५ जणांनी काय घोडं मारलंय? सगळ्यांना एकत्र शिकवा हे ऐकायला छान वाटतं, पण शाळेला तेवढी माणसं तरी द्या.

आणि ते दहावीचं. नववीपर्यंत ठणठणीत असलेल्या मुलांना बोर्डाचा फॉर्म भरायच्या वेळी अचानक डिस्लेक्सिया होतो. जास्तीचा वेळ, लेखनिक, शुद्धलेखन माफ. आमच्या सोसायटीतच दोन आहेत.

---

खडूफळा | सोमवार, रात्री ९:०५

पन्नासपैसे, तुमचं पहिलं म्हणणं मला पटतं. महापालिकेच्या शाळेत शिकवतो, मराठी माध्यम, चौथी, ४२ मुलं. त्यांतल्या निम्म्यांच्या घरी हिंदी किंवा भोजपुरी बोलतात. एखादा वाचत नाही तेव्हा त्याला वाचनाची अडचण आहे की मराठीच परकी आहे, हे मला सप्टेंबरपर्यंत कळत नाही. फिरत्या विशेष शिक्षिका येतात, पण त्यांच्याकडे इतक्या शाळा की माझ्या वर्गाच्या वाट्याला महिन्यातून एखादा दिवस.

पण तिघांमुळे ४५ जणांचा वेळ जातो, हे गणित नेहमी तसंच सुटत नाही. एक अनुभव सांगतो. माझ्या वर्गातल्या एकाला तोंडी सूचना लक्षात राहायच्या नाहीत. विशेष शिक्षिकेने सुचवलं, फळ्याच्या कोपऱ्यात आज काय काय करायचंय ते चार ओळींत लिहा आणि झालं की खोडत जा. त्याच्यासाठी सुरू केलं. आठवड्याभरात "सर, आता काय करायचं?" हा प्रश्न वर्गातून जवळजवळ गेला. तो प्रश्न मी आधी दिवसातून तीस वेळा ऐकायचो. माझा वेळ वाचला.

आणखी एक. सीपी (सेरेब्रल पाल्सी) असलेली एक मुलगी होती, कुबड्या घेऊन चालायची. चौथी झाली आणि पालकांना सांगितलं गेलं, पाचवी तिसऱ्या मजल्यावर भरते, आता बघा काय ते. लिफ्ट नाही. निधी, प्रस्ताव, पत्रव्यवहार, सगळं सुरू झालं. शेवटी शिपाईमामा म्हणाले, "पाचवीला खाली आणा, दुसरीची पोरं वर पळत जातील." एका शनिवारी बाकं हलवली. खर्च शून्य. पाचवी तिसऱ्या मजल्यावरच का, याचं उत्तर कुणालाच माहीत नव्हतं. वर्षानुवर्षं तिथे होती, इतकंच.

तुमच्या ३१ प्रश्नांत 'तिचा वर्ग कुठल्या मजल्यावर आहे' हा प्रश्न आहे का हो?

---

अर्धवेलांटी | सोमवार, रात्री ११:५०

नेहमी वाचतो, लिहीत नाही. का ते आयडीवरून समजेल. हे पण फोनला बोलून लिहितोय, चुका सांभाळून घ्या.

पन्नासपैसे यांना उत्तर. मी पण 'दहावीला अचानक'वालाच. १९९८ ची बॅच. पहिलीपासून मार खाल्ला, वहीवर लाल गोळे, 'लक्ष नाही' हा शेरा तर दरवर्षीचा. नववीत एका विज्ञानाच्या सरांना शंका आली, कारण तोंडी विचारलं की मी सगळं सांगायचो. त्यांनीच वडिलांना सायनच्या हॉस्पिटलात एलडी (अध्ययन अक्षमता) क्लिनिकला पाठवलं. चार-पाच खेपा. वडील मिलमधून सुटलेले, तेव्हा रिक्षा चालवायचे, प्रत्येक खेपेला दिवसाचा धंदा बुडायचा. सर्टिफिकेट हातात आलं तेव्हा बोर्डाच्या फॉर्मला तीन आठवडे राहिले होते. बाहेरून बघणाऱ्याला अचानकच वाटणार.

खोटी सर्टिफिकेटं काढणारे असतील. पण उशिरा मिळालं म्हणजे खोटं, असं नका म्हणू.

आता दुसरी बाजू पण सांगतो, ती कुणी सांगत नाही. सवलतीत बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घेता यायचं. शाळेने सांगितलं घे, सुटशील. घेतलं, पास झालो, पेढे वाटले. मग आयटीआयच्या पुढे डिप्लोमाला जायचं म्हटलं तर गणित नाही. तेव्हा कळलं की सवलतीने मला परीक्षेतून सोडवलं आणि पुढच्या दारालाही कडी घातली. त्या वेळी कुणी समोर बसवून सांगितलं असतं की हे घेतलंस तर पुढे काय काय बंद होईल, तर मी कदाचित वेळ जास्त घेऊन बीजगणितच दिलं असतं. मला बीजगणित जमायचं हो. शब्द नडायचे.

एसी दुरुस्तीचा धंदा आहे, भांडुपला. बरा चालतो. बिलं अजून बायको लिहिते.

---

कोरीपाटी | मंगळवार, सकाळी ७:१०

अर्धवेलांटी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. सवलत आणि शिकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी पालकांना सांगून थकते. सवलत म्हणजे परीक्षेच्या दिवशी अडथळा कमी करणं. त्याने वाचता येत नाही. बहुतेक शाळांचा 'सपोर्ट' सर्टिफिकेट, सवलत, निकाल या क्रमाने संपतो. मधली सहा वर्षं कुणाचीच नसतात.

दाखल्याबद्दल एक माहिती, पालकांच्या उपयोगाची. केंद्राच्या २०१८ च्या नियमावलीत अध्ययन अक्षमतेचा दाखला वयाच्या आठ वर्षांनंतरच द्यायचा असं होतं. मग १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी, आणि अठराव्याचा दाखला कायमचा. म्हणून पहिली-दुसरीत 'दाखला आणा, मग मदत करू' असं शाळा म्हणत असेल तर ते अशक्य कोटीतलं आहे. मदतीला दाखला लागत नाही. जून-जुलैत मूल मागे पडताना दिसलं की सुरू करायची. मुंबईत सायन, नायर, केईएम इथे दाखल्याची सोय आहे. नंबर लागायला वेळ जातो, तर पाचवी-सहावीतच नाव घाला.

---

दादरपूर्व | मंगळवार, सकाळी १०:३६

माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, आता नऊ वर्षांचा. डिस्लेक्सियावाल्यांचं निदान प्रवेश मिळाल्यावर होतं, हे तुमचं भाग्य समजा. आमचं साडेतीन वर्षांचा असतानाच झालं होतं आणि आम्ही ते फॉर्मवर खरं लिहायचो. सहा शाळांनी 'आमच्याकडे सोय नाही' म्हटलं. सातव्या शाळेने घेतलं, पण अट: शॅडो टीचर, म्हणजे वर्गात फक्त त्याच्याशेजारी बसणारी मदतनीस, तुम्ही आणायची, पगार तुम्ही द्यायचा, ती नसेल त्या दिवशी मूल पाठवायचं नाही. शाळेचं नाव घेत नाही, अजून तिथेच आहे तो.

दोन वर्षं शॅडो ताई त्याच्याशेजारी बसली. फार चांगली मुलगी, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण तिसऱ्या बाकावर भिंत, मग माझा मुलगा, मग ताई. वर्गातल्या कुठल्याही मुलाला त्याच्याशी बोलायचं तर ताईला ओलांडून. शिक्षिकाही ताईलाच विचारायच्या, "त्याचं झालं का?" मधल्या सुट्टीत दोघं जिन्याखाली बसून डबा खायचे, गोंगाट नको म्हणून.

गेल्या जानेवारीत ताईला कावीळ झाली. बदली मिळेना. मी हातापाया पडून चार दिवसांची परवानगी काढली आणि बाहेर बाकावर बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षिका धावत आल्या. म्हटलं संपलं. तर म्हणाल्या, "अहो, त्याने ओमकडे खोडरबर मागितला." दोन वर्षांत शाळेत त्याने स्वतःहून कुणाकडे काही मागितल्याचं ते पहिलं.

शॅडो नकोच असं नाही म्हणत. त्याला गरज होती आणि आहे. पण ती कधी मागे सरकणार, पहिल्या वर्षी शेजारी, दुसऱ्या वर्षी मागच्या बाकावर, तिसऱ्या वर्षी दाराबाहेर, असं काही कुणी ठरवलंच नव्हतं. गवतीचहा, तुमच्या अहवालात विचारा: मदत कमी कधी करायची, हे कुठे लिहिलंय का?

(आता ताई मागच्या बाकावर बसते. ओमशी गट्टी वगैरे काही झालेली नाही, खोडरबर मात्र रोज मागतो. ओमच्या आईने दोन जास्तीचे दिलेत.)

---

कलमबहादूर | मंगळवार, दुपारी १:१५

कायद्याचं थोडं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, अंमल एप्रिल २०१७ पासून. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. अध्ययन अक्षमता आणि ऑटिझम दोन्ही त्यांत येतात. कलम १६ प्रमाणे सरकारी अनुदानावरच्याच नव्हे, तर नुसती मान्यता असलेल्या शाळांतही भेदभाव न करता प्रवेश, मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी, आणि अध्ययन अक्षमता लवकर ओळखून उपाय, हे सगळं अपेक्षित आहे. मेख अशी की कलमाची भाषा 'सरकार तसा प्रयत्न करील' अशी आहे. शाळांचे वकील त्या 'प्रयत्न' शब्दावरच तंबू ठोकतात.

त्यापेक्षा पक्कं आहे कलम ३१. ज्यांचं दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त प्रमाणित आहे, त्यांना ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क, शेजारच्या शाळेत किंवा आवडीच्या विशेष शाळेत. आरटीईचा (शिक्षण हक्क कायद्याचा) हक्क १४ ला संपतो, हा १८ पर्यंत जातो. शिवाय आरटीईच्या कलम १३ प्रमाणे प्रवेशाच्या वेळी मुलाची चाळणी लावायला बंदी आहे. दादरपूर्व, तुमच्या सहा शाळांपैकी काहींनी 'निरीक्षण' म्हणून मुलाला खेळायला बसवलं असेल. ते काय होतं ते तुम्हीच ठरवा.

पन्नासपैसे, माणसं द्या म्हणालात ते बरोबर. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या ऑक्टोबरात रजनीश कुमार पांडे प्रकरणात प्रमाण सांगितलं: प्राथमिकला दहा विशेष गरजेच्या मुलांमागे एक विशेष शिक्षक, वरच्या वर्गांना पंधरांमागे एक. गवतीचहा, तुमच्या शाळेत एका बाईंकडे किती मुलं?

---

गवतीचहा | मंगळवार, दुपारी १:४०

तेवीस. शिवाय बाईंकडे ग्रंथालय आणि हस्तलिखिताचं कामही आहे.

---

चकलीचा_सोऱ्या | मंगळवार, दुपारी २:०८

गणिताचा विषय निघालाच आहे तर, आमच्याकडे वाचन बरं आहे, आकडे नाहीत. 'त्रेसष्ट' ऐकलं की लेक ३६ लिहिते. तीन आधी ऐकू येतो ना!

---

सातची_लोकल | मंगळवार, दुपारी २:१९

बालभारतीने २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' आणलं तेव्हा याच साइटवर चारशे प्रतिसाद पडले होते, मराठी बुडाली म्हणून. मीही बुडवणाऱ्यांना शिव्या घालण्यात होतो. आता माझा पुतण्या 'एकोणपन्नास'ला ५९ लिहितो आणि मी गप्प बसतो.

---

चकलीचा_सोऱ्या | मंगळवार, दुपारी २:२४

आम्ही घरी दोन्ही म्हणतो. 'साठ आणि तीन, त्रेसष्ट.' आज्जीला चालतं, बोर्डालाही चालेल. विषयांतराबद्दल क्षमस्व.

---

पन्नासपैसे | मंगळवार, रात्री ८:५५

अर्धवेलांटी, 'अचानक' हा शब्द मागे घेतो. सोसायटीतल्या त्या दोघांबद्दल माझं मत आहे तेच आहे.

खडूफळा, फळ्याच्या कोपऱ्याचं आमच्या वर्गशिक्षिकेला सुचवू का? रागावणार नाहीत ना?

---

खडूफळा | मंगळवार, रात्री ९:३०

'तुम्ही करा' म्हणालात तर रागावतील. 'माझी मुलगी सूचना विसरते, काही करता येईल का' असं विचारा. शिक्षकाला स्वतःला सुचलं की तो मनापासून करतो. स्वानुभव.

गवतीचहा, आरामात बसून अहवाल लिहू नका. एक दिवस वर्गात बसा. शेवटचा बाक, वही-पेन, तोंड बंद. आपल्या मुलाकडे नाही, कक्षात जाणाऱ्या दुसऱ्या कुणाकडे तरी बघा. स्वतःच्या मुलाकडे बघताना मोजता येत नाही.

---

गवतीचहा | शुक्रवार, रात्री १०:५०

काल बसले. मुख्याध्यापिकांनी परवानगी दिली, वर्गशिक्षिकेने कपाळाला आठ्या घालून. दुसऱ्या मुलाकडे बघायचं ठरवलं होतं. सहावीतली एक मुलगी, तिलाही वाचनाचीच अडचण. तिच्या पालकांना आधी विचारून घेतलं.

वहीतून जसंच्या तसं उतरवते.

मराठी: बाईंनी फळ्यावर स्वाध्यायाच्या अकरा ओळी लिहिल्या. ही तिसऱ्या ओळीवर असताना फळा पुसला. तिने वही मिटली. पुढची वीस मिनिटं पट्टीने बाकाची कड कोरत होती, अगदी शांत. शांत असल्यामुळे कुणाचं लक्ष गेलं नाही. माझंही गेलं नसतं.

विज्ञान: सरांनी प्रश्न मोठ्याने वाचला आणि वर्गाला अर्धा मिनिट दिला. हिने दोनदा हात वर केला, दोन्ही उत्तरं बरोबर. सरांना कक्षाबद्दल, आयईपीबद्दल काही माहीत नाही. नंतर विचारलं तर म्हणाले, "ती? ती तर हुशार आहे." तिला सपोर्ट आहे हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मधली सुट्टी: चौघींत होती, बडबडत होती.

कार्यानुभव: कक्षात. परत आली तेव्हा बाकीच्यांचे आकाशकंदील झाले होते, हिच्याकडे कापलेल्या पट्ट्या.

दिवसभरात शिक्षकांनी तिचं नाव सात वेळा घेतलं. त्यातलं पाच वेळा 'कक्षात जा' किंवा 'पुढे ये' म्हणायला.

आज पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत तक्ता दिलाच नाही, हे पान वाचून दाखवलं. विश्वस्तांपैकी एक म्हणाले, "ताई, एका दिवसावरून निष्कर्ष काढू नये." बरोबर आहे. म्हटलं मग दर महिन्याला एक दिवस, दर वेळी वेगळा पालक, वेगळा वर्ग. ते काही त्यांना फार आवडलं नाही, पण मुख्याध्यापिकांनी होकार दिला. दुसऱ्या विशेष शिक्षकाला स्वच्छ नकार, 'फी वाढवावी लागेल.' कलमबहादूर, तुमचं १५ ला एक वाचून दाखवलं, 'पत्र द्या, बघू' असं उत्तर मिळालं. पत्र देतेय. ग्रंथालयाचं काम मात्र बाईंकडून काढलं.

आयईपी दिवाळीपर्यंत नव्याने होणार, आकड्यांसकट. पीटी, चित्रकला, संगीत, कार्यानुभव यांना हात लावायचा नाही असं ठरलं. मग कक्ष कधी? तर शाळेआधी, शून्य तासिकेला, सकाळी ६:५० ला. म्हणजे लेकाला पावणेसहाला उठावं लागणार. तो आत्ताच माझ्याशी बोलत नाहीये. हे सुधारलं की बिघडलं, मला अजून ठरवता येत नाही.

विशेष शिक्षिका बैठकीनंतर जिन्यात भेटल्या. मला वाटलं रागावल्या असतील. म्हणाल्या, "ते 'तिला' माझ्याकडून झालं. तेवीस आराखडे एका रात्रीत केले होते."

---

कोरीपाटी | शुक्रवार, रात्री ११:१४

मी एकदा अठरा केले होते एका रात्रीत. त्यांना माझा नमस्कार सांगा.

६:५० बद्दल: आठवड्यातून पाचही दिवस नको. दोन दिवस सकाळी, आणि एक तासिका मराठीच्याच वेळी बाईंनी वर्गात येऊन त्याच्या बाकाजवळ बसायचं, असं विचारून बघा. मराठीच्या शिक्षिका तयार हव्यात मात्र. तिथेच घोडं अडतं.

---

खडूफळा | पुढचा मंगळवार, रात्री ९:४२

धागा वर काढतोय. फळ्याचं काय झालं पुढे? तिसऱ्या ओळीवर पुसला तो.

---

गवतीचहा | पुढचा मंगळवार, रात्री १०:०५

मराठीच्या बाईंनी फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारलीय. लिहायला दोन्ही बाजू, पण डावी बाजू तास संपेपर्यंत पुसायची नाही. मी काही सांगितलं नव्हतं, माझी नोंद कुणीतरी त्यांच्यापर्यंत पोचवली. आधी दोन दिवस फुगून होत्या. परवा म्हणाल्या, शेवटच्या बाकांवरच्या आणखी पाच-सहा जणांच्या वह्या पूर्ण दिसतायत, त्यांना कसला आजार होता तेही एकदा बघायला या.

सकाळची तासिका सध्या दोन दिवस. वर्गात येऊन बसण्यावर अजून चर्चा चालू आहे.

आज पीटीत कबड्डी होती. गुडघा सोलून आलाय. हळद लावतेय, बाकीचं उद्या लिहिते.